धागा : सीमाभागातल्या मराठी शाळेत ‘जागतिक नागरिकत्व’ शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची?

खडूफळा
आठवी-नववीसाठी आठ तासांचं नियोजन करायचं आहे. मराठी माध्यम, बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, पट ३४, तास ४० मिनिटांचा. प्रोजेक्टर नाही, ड्रॉइंग शीट, स्केच पेन आणि झेरॉक्स मिळेल. इंटरनेटवर जे तयार पाठ मिळतात त्यांत पहिलं चित्र ठरलेलंच. मध्ये ‘मी’, मग कुटुंब, गाव, राज्य, देश, आणि सगळ्यात बाहेर ‘जग’. एकात एक गोल. आपल्याकडे हे चित्र फळ्यावर काढलं की दुसऱ्या मिनिटाला राज्याच्या गोलापाशी गाडी अडते. शिवाय एसडीएमसीत (शाळेच्या विकास व देखरेख समितीत) कुणीतरी म्हणणारच, ‘आधी मराठी टिकवा, जग मग बघू.’ या दोन्हींची तयारी कशी करावी? उपदेश नको, तासाला काय करायचं ते सांगा.

मलप्रभाकाठ
सर, गोल पुसून टाका, तिथंच निम्मं काम होतंय. ही कल्पना मूळची स्टोइक विचारवंत हिरोक्लिस याची, दुसऱ्या शतकातली. मार्था नुसबॉम यांनी १९९४ साली देशभक्ती आणि विश्वनागरिकत्वावरच्या निबंधात ती पुन्हा पुढे आणली आणि तिथून ती शिक्षक-प्रशिक्षणात शिरली. गृहीत असं की लहान गोल मोठ्यात पूर्ण मावतो. इथं तो मावत नाही. खानापूरच्या मुलाची पहिली भाषा मराठी, दहावीचं बोर्ड कर्नाटकाचं, पाहुणे चंदगडात, भाजीची गाडी गोव्याला. भाषेचा गोल राज्याच्या गोलाला छेद देऊन पलीकडे जातो. म्हणून गोलांऐवजी दोऱ्यांचा नकाशा करा.

सहा-सहाचे पाच गट आणि एक चौघांचा. गटाला एक शीट, मधोमध शाळेचं गाव. चार रंग : भाषा, कायदा, पोट, नातं. प्रत्येक मुलानं घरातल्या पाच साध्या गोष्टी सांगायच्या आणि त्या जिथून येतात किंवा जिथं जातात तिथवर रेघ ओढायची. रेशनकार्ड कुणी दिलं? मावशी कुठं दिली? घरातला कुणी कामाला कुठं आहे? गोडं तेल पामचं असेल तर रेघ इंडोनेशिया-मलेशियाला जाते. मोबाइलच्या डब्यावर काय छापलंय ते घरून लिहून आणायला आदल्या दिवशी सांगायचं.

आता फसतं कुठं. एक, बाई किंवा सर आधी जाड मार्करनं राज्याची हद्द काढतात. मग मुलं प्रत्येक गोष्ट ‘आतली’ की ‘बाहेरची’ हेच बघत बसतात. हद्द सगळ्यात शेवटी काढा, तीही मुलांकडून, आणि मग कोणत्या रंगाच्या किती रेघा तिला ओलांडतात ते मोजायला लावा. दोन, खरा दोरा आणि फेविकॉल. त्यातच तास संपतो. स्केच पेन बरा. तीन, ‘पोट’ या रंगात एखाद्या मुलाला वडिलांचं काम सांगायची लाज वाटते. म्हणून चिठ्ठ्या नाव न घालता गोळा करा, आणि रेघ गटानं ओढायची, ज्याची त्यानं नव्हे.

तिसरी_भाषा
मुळात शब्दाचा घोळ आधी मिटवा. ‘जागतिक नागरिक’ हा कायद्यातला दर्जा नाही. जगाचा पासपोर्ट कुणी देत नाही. हा शिक्षणातला शब्द आहे. युनेस्कोची १९७४ ची आंतरराष्ट्रीय सामंजस्याबद्दलची शिफारस, २०१२ साली बान की-मून यांच्या शिक्षणविषयक उपक्रमात आलेलं हे उद्दिष्ट, २०१५ च्या शाश्वत विकास ध्येयांतलं लक्ष्य ४.७, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्या जुन्या शिफारशीची सुधारित आवृत्ती, असा त्याचा प्रवास. युनेस्कोच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत तीन अंगं आहेत : जाणणं, जोडून घेणं, वागणं. आपल्याकडे बहुतेक पाठ दुसऱ्यावरच अडतात. विश्वबंधुत्वाची प्रतिज्ञा, हातात हात घातलेल्या मुलांचं पोस्टर, टाळ्या. जाणण्याचं अंग कच्चं राहिलं की बाकीचं पोस्टर.

राष्ट्रीय ओळख आणि हे, यांत भांडण लावायचं कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात भारतीय असल्याचा अभिमान आणि ‘जागतिक नागरिक’ हे दोन्ही एकाच वाक्यात आहेत. कर्नाटकानं स्वतंत्र राज्य धोरणाचा मार्ग धरला म्हणून कुणी ‘ते आम्हाला लागू नाही’ म्हणालं, तर थेट संविधान उघडा. अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता आणि करारांबद्दल आदर आहे. ५१क मधलं ‘ङ’ हे कर्तव्य धर्म, भाषा, प्रदेश यांच्या भेदांपलीकडच्या बंधुभावाचं आहे. भाषा आणि प्रदेश हे शब्द तिथं स्पष्ट आहेत. सीमाभागातल्या शिक्षकाला याहून भक्कम आधार कुठला हवा?

एसडीएमसीच्या प्रश्नाला उत्तर भाषणानं नको, कागदानं द्या. अनुच्छेद ३५०क : भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेत शिक्षणाची सोय. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं. त्याआधी १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं मोजमाप ठरवलं होतं, शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक. म्हणजे मराठी टिकते ती पटावर. आठ तासांच्या उपक्रमानं पट घटत नाही. तो इंग्रजी माध्यमाकडं वळतो तेव्हा घटतो, आणि २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितलंय की माध्यम निवडायचा अधिकार पालकांचा. तेव्हा पालकाला ‘मराठी शाळेतही जग शिकवतात’ हे दिसलं तर फायदा मराठीचाच.

उद्यमबाग_शिफ्ट२
माफ करा, पण हे सगळं विमानानं फिरणाऱ्यांचं वाटतंय. फाउंड्रीत उभं राहणाऱ्या पोराला जागतिक नागरिक म्हणून काय मिळणार? २०२३ ला जी-२० चं ‘वसुधैव कुटुंबकम्’ प्रत्येक चौकात लागलं होतं. पुढं काय?

मलप्रभाकाठ
दादा, प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्याच शॉप फ्लोअरवर आहे. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमधून (विशेष आर्थिक क्षेत्रातून) विमानांचे भाग परदेशी कंपन्यांना जातात. त्या कामात ड्रॉइंग वाचणं ही पहिली पायरी. भारतात आणि युरोपात साधारण फर्स्ट अँगल पद्धत, अमेरिकेत थर्ड अँगल. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं, थर्ड अँगलमध्ये वर. उजवीकडचं दृश्य फर्स्टमध्ये डावीकडं जातं. कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह न बघता आपल्या सवयीनं वाचलं तर भाग आरशातल्यासारखा उलटा बनतो आणि भंगारात जातो. त्यात एक ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, दुसरं इंचात.

हा एक पूर्ण तास होतो. साबणाच्या वडीचा एक कोपरा कापायचा आणि दोन्ही पद्धतींनी तीन-तीन दृश्यं काढायला लावायची. मुलाला कळतं की ‘बरोबर’ दिसणारी आपली पद्धत ही एक पद्धत आहे, आणि समोरच्याची वाचता येणं हे कौशल्य आहे. आपली सोडायची नाही, दुसरी चिन्हावरून ओळखायची.

उद्यमबाग_शिफ्ट२
हे पटलं. भर एवढीच, वडी नवी घ्या. वापरलेल्या वडीच्या कडा गोल झालेल्या असतात, दृश्य काढताना पोरं गोंधळतात. आणि उजवा वरचा कोपराच कापा. मधोमध खाच केली तर दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, फरक कळतच नाही.

निपाणी_नाका
निपाणी-चिकोडी पट्ट्यासाठी तंबाखूसारखा धडा नाही. दोन तास धरा.

पहिला तास रानातून बाजाराकडे. शब्दांची यादी मुलांकडूनच काढा : जरदा, विडी, वखार, अडत्या, तेंदूपान. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन शरद जोशींच्या नेतृत्वाखाली झालं ते भावासाठी. म्हणजे एका बाजूला शेतकऱ्याचं पोट. विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हा त्याच धड्याचा दुसरा पदर, तो गाळू नका.

दुसरा तास जगातून परत रानाकडे. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार मे २००३ मध्ये स्वीकारला गेला, भारतानं फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला मान्यता दिली, २७ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आहे. मुलांना त्याचा परिणाम रोज दिसतो. पाकिटाच्या ८५ टक्के दर्शनी भागावरचा चित्रमय इशारा एप्रिल २०१६ पासूनचा आहे. शाळेपासून १०० यार्डांत विक्रीबंदी ही २००३ च्या आपल्याच कायद्यातली. पण त्याच करारात अनुच्छेद १७ आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना आणि उत्पादकांना परवडणारे पर्याय मिळावेत यासाठी सरकारांनी प्रयत्न करावेत, असं त्यात आहे.

आता गटांना प्रश्न : अनुच्छेद १७ च्या आधारे आपल्या गावासाठी कृषी खात्याला एका पानाचं पत्र लिहा. पत्रात तीन गोष्टी हव्यात. पर्यायी पीक कोणतं, त्याला पाणी किती पाळ्या लागतं, आणि विकणार कुठं. ऊस लिहिला की पाण्याचा हिशेब विचारा. सोयाबीन लिहिलं की भावाचा.

चुकतं ते असं. शिक्षक ‘तंबाखू वाईट’ एवढ्यावर तास संपवतात. वर्गातल्या निम्म्या घरांची फी त्यातूनच आलेली असते, पोरं गप्प होतात आणि नंतर काहीच बोलत नाहीत. उलट टोकाला ‘परदेशी लोकांनी आपलं पीक मारलं’ हाही सोपा निष्कर्ष. करार आपल्या सरकारनं मान्य केलाय, लादलेला नाही. दोन्ही टोकं फळ्यावर लिहून ठेवा आणि दोन्हींवर पुरावा मागा. पाकीट मात्र वर्गात आणू नका. इशाऱ्याची झेरॉक्स पुरते.

कणकुंबी_पाऊस
खानापूरसाठी पाणीच घ्या. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ चा. गोवा २४ टीएमसी, कर्नाटक १३.४२, महाराष्ट्र १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ८.०२ वीजनिर्मितीसाठी. कळसा नाल्याचे १.७२ आणि भांडुरा नाल्याचे २.१८ हे मलप्रभा नदीत वळवायचे. उरलेले १.५ खोऱ्यातच वापरायचे. राज्यांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत, हे सांगून टाका.

आकडा आधी हातात द्या. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरनं एक कोटी माणसांना साधारण ५१ दिवस. हे गणित मुलांनी केल्याशिवाय चर्चा सुरू करू नका, नाहीतर टीएमसी हा नुसता घोषणेतला शब्द राहतो.

मग चार गट : गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र, आणि चौथा नदी व भीमगड अभयारण्याच्या बाजूचा. गट चिठ्ठीनं. हे सक्तीचं समजा. मुलांना आपापली बाजू निवडू दिली तर सगळा तास सीमावादात निघतो. नियम एकच : बोलणाऱ्यानं आधी समोरच्या गटाची मागणी अशा शब्दांत मांडायची की समोरचे ‘होय, हेच’ म्हणतील. मगच स्वतःची. प्रत्येकी पाच मिनिटं, शेवटी दहा मिनिटं वाटपाच्या लेखी प्रस्तावाला. बेरीज एकूण उपलब्ध पाण्याच्या पलीकडे गेली तर प्रस्ताव बाद.

जगाशी सांधा असा. देशांमधल्या नद्यांसाठी ‘न्याय्य आणि वाजवी वापर’ हे तत्त्व १९६६ च्या हेलसिंकी नियमांत आहे, पुढं संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या करारातही. तो २०१४ मध्ये अमलात आला. भारत मतदानात तटस्थ राहिला होता. ‘तटस्थ का राहिला असेल?’ हा प्रश्न गृहपाठाला. राष्ट्रीय हित हा शब्द व्याख्येपेक्षा इथं चांगला कळतो.

दांडेली_डेपो
‘नागरिक’ शब्दाचा अर्थ शिकवायला आपल्या शेजारी दोन उदाहरणं आहेत, दोन्ही मुख्यतः उत्तर कन्नड जिल्ह्यातली.

मुंडगोडची तिबेटी वसाहत १९६६ पासूनची. तिथं राहणाऱ्यांकडे परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, त्याचं नूतनीकरण करावं लागतं. परदेशी जायला भारत सरकार पासपोर्टऐवजी पिवळ्या कव्हरचं ओळखपत्र देतं. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ३ : २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला जन्मानं नागरिक. १ जुलै १९८७ पासून आई-बापांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघे, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. एकाच घरात थोरली बहीण कायद्यानं नागरिक आणि धाकटा भाऊ नाही, असं होऊ शकतं. तीन काल्पनिक जन्मतारखा देऊन मुलांना कलम लावायला सांगा. पंधरा मिनिटांत होतं.

दुसरं हल्याळ-येल्लापूर-खानापूरचे सिद्दी. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, घरात मराठीमिश्रित कोकणी. उत्तर कन्नडमध्ये अनुसूचित जमातीत २००३ पासून, बेळगाव आणि धारवाडसाठी २०२० च्या दुरुस्तीनं. कायद्यानं शंभर टक्के नागरिक, तरी बसमध्ये ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ विचारलं जातं. म्हणजे कागद आणि नजर या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. जग इथं मोबाइलबरोबर आलं असं समजणाऱ्या पाठाला हेच उत्तर.

काळजी : वर्गात सिद्दी मूल असेल तर त्याला ‘उदाहरण’ करून उभं करू नका. शेजारच्या तालुक्याबद्दल बोला.

खडूफळा
सगळं उतरवून घेतोय. आता अवघड प्रश्न. नववीचं पोर हमखास विचारणार, ‘सर, मग आपण कुठले?’ नोव्हेंबर जवळ आला की विचारणारच.

धागापालक
सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत. इथं वर्गात काय करायचं तेवढंच. घोषणा उडवल्या जातील.

मलप्रभाकाठ
फळ्याचे तीन भाग करा : झालेलं, मागणी, बाकी. ‘झालेलं’मध्ये : १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात. १९६६ ला महाजन आयोग, १९६७ ला अहवाल, त्यात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ म्हैसूरला सुचवली, बेळगाव शहर म्हैसूरकडेच. ‘मागणी’मध्ये दोन्ही राज्यांची भूमिका, दोन-दोन ओळी, सारख्याच लांबीच्या. लांबी मोजाच, पोरं मोजतात. ‘बाकी’मध्ये : २००४ पासूनचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात. शिक्षकाचं मत फळ्यावर नाही. ‘मला मत नाही’ असंही म्हणू नका, ते खोटं वाटतं. ‘माझं मत या तासाचा भाग नाही’ म्हणा.

नंतर कागदांचा तास. कोरे नमुने दाखवा, खरे मागवू नका. आधारचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरायला लागले की निस्तरणं अवघड. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, पासपोर्टचं पहिलं पान, आणि महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी, महाराष्ट्र ज्यांवर दावा सांगतो त्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांना लागणारे दाखले. भालकी-औरादच्या मराठी मुलाकडे आणखी एक कागद असतो, संविधानाच्या अनुच्छेद ३७१ञ खालचा स्थानिकाचा दाखला, कारण बीदर कल्याण कर्नाटकात (जुन्या हैदराबाद-कर्नाटक भागात) येतं. बेळगावच्या मुलाला तो नाही. प्रत्येक कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो ते लिहायचं. पासपोर्टवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात एकच शब्द असतो, राज्य-नागरिकत्व आपल्याकडे नाही. ‘आपण कुठले’ हा एक प्रश्न नसून पाच आहेत, हे पोरं स्वतःच सांगतात.

नववीला झेपत असेल तर आंबेडकरांची दोन मतं शेजारी ठेवा. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात स्वतंत्र कर्नाटक प्रांताच्या ठरावावर बोलताना त्यांनी भाषेची निष्ठा भारतीय निष्ठेशी स्पर्धा करू नये, आधी भारतीय आणि शेवटीही भारतीय, असं सांगितलं. १९५५ मध्ये मात्र एक राज्य एक भाषा हे तत्त्व त्यांनी मानलं, पण राज्याची कारभाराची भाषा केंद्राचीच असावी या अटीवर. एकाच माणसानं दोन काळांत काय बदललं आणि काय धरून ठेवलं, हे शोधायला लावा.

तिसरी_भाषा
गुणांचं बोलू. एफएच्या (आकारिक मूल्यमापनाच्या) कृतीत बसवता येईल. दहापैकी : समोरच्याची बाजू नीट मांडली ४, आकडा किंवा कलम कुठून घेतलं ते सांगितलं ३, स्वतःचं मत कारणासह २, पुढची कृती १. देशप्रेमाला गुण नाहीत, विश्वबंधुत्वालाही नाहीत. दिले की सगळ्या वह्यांत एकच वाक्य येतं आणि ते तुमचंच असतं.

चिकोडी_द्विभाषी
माझं मराठी थोडं कन्नड वळणाचं, सांभाळून घ्या. एकाच आवारात कन्नड आणि मराठी शाळा असतात तिथं पाण्याचा तास एकत्र घ्या की. गट मिसळून, लिहिणं ज्याच्या त्याच्या भाषेत. पाठ्यपुस्तक सोसायटीची पुस्तकं दोन्ही माध्यमांत असतात, शब्द पडताळायला सोपं. ‘नागरिकत्व’ला कन्नडात ‘पौरत्व’, पण हक्क, कर्तव्य, राष्ट्र, जागतिक हे जवळपास तेच.

फसवे शब्द मात्र आधी काढून टाका. ‘अनुमान’ कन्नडात संशय. मराठी मुलगा ‘माझं अनुमान’ म्हणाला की कन्नड मुलाला वाटतं हा आपल्यावर शंका घेतोय. ‘अवसर’ कन्नडात घाई. आणि ‘प्रपंच’! मराठीत घरसंसार, कन्नडात अख्खं जग. फळ्यावर एकच शब्द लिहून दोन्ही वर्गांना चित्र काढायला सांगा. एका बाजूला चूल, पाळणा, पिठाचा डबा येतो, दुसऱ्या बाजूला पृथ्वीचा गोळा. अर्थ आधी सांगू नका. चित्रं अदलाबदल झाल्यावर पोरंच विचारतात.

नाडगीताचाही, म्हणजे कर्नाटकाच्या राज्यगीताचाही, उपयोग होतो. कुवेंपूंच्या पहिल्याच ओळीत कर्नाटक ही भारतमातेची मुलगी आहे. मराठी मुलं ते रोज परिपाठाला म्हणतात, अर्थ बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. ओळ ओळ अर्थ सांगायला दहा मिनिटं.

खडूफळा
मग पहिला तास प्रपंचाचाच, दोऱ्यांचा नकाशा दुसरा. कन्नड शाळेच्या मॅडमना मंगळवारचा चौथा तास जमेल का विचारतो.

चिकोडी_द्विभाषी
चौथा नको ओ सर. त्यानंतर लगेच अक्षर दासोह, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण. सांबाराचा वास आला की सगळे ताटाकडं बघतात. दुसरा घ्या, आणि शीट आदल्या दिवशीच कापून ठेवा.